तिसऱ्या कपापर्यंत

देस्से, १९ ऑक्टोबर १९९८

बेरहे,

हे पत्र आधी नैरोबीला जाईल, तुझ्या चुलतबहिणीकडे. तिब्लेत्स ते दुसऱ्या पाकिटात घालून पुढं पाठवेल. तिनं निरोप दिलाय की तारीख फिरंगी पद्धतीनं घाल, नाहीतर पोस्टातले लोक गोंधळतात, आणि लढाईबद्दल काही लिहू नकोस. लढाईबद्दल मी काय लिहिणार? मला ती दिसलेलीच नाही. मला दिसली ती त्या सकाळी तुम्हा पलीकडच्या मुलखातल्यांना सरहद्दीपार न्यायला दारात उभी राहिलेली दोन माणसं, आणि पलंगाखाली वाकून बूट शोधणारा तू. शेवटी चपला घालूनच गेलास. ट्रकची किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालास, "मालकाला दे." एवढंच बोललास. आपली पोर हिरुत झोपेत होती म्हणून तिला उठवलंस नाही. बरं केलंस.

तुझ्या आईलाही, आदेलाही विचारलं त्यांनी. ती तेव्हा गुडघ्यांसाठी झऱ्याच्या तीर्थाला गेलेली, म्हणून राहिली. रविवारी परत आली. मी दारातच सगळं सांगून टाकलं. तिनं पाण्याची कॅन खाली ठेवली, भिंतीला टेकून बसली, ती दोन दिवस तिथंच.

तुला माहीत आहे आमचं दोघींचं कसं आहे ते. तुझे वडील गेल्यावर ती अस्माराहून आपल्याकडे आली, त्या वर्षापासून माझ्या हातची कॉफी तिनं घेतलेली नाही. सगळ्या गल्लीत सांगत फिरते, "सून चांगली आहे हो, पण बी करपवते." मी सताप घातली तर म्हणणार आलं हवं. आलं घातलं तर म्हणणार, आता काय उपयोग, भाजतानाच मारून टाकलीस. तू हसायचास. तुला हसायला काय जात होतं?

तर तिसऱ्या सकाळी ती उठली आणि बिया निवडायला बसली. मी शेगडी पेटवून दिली. तिनं ती तशीच राहू दिली, कोळशावर पांढरी राख चढेपर्यंत. म्हणाली, "आच दिसता कामा नये. दिसली की समज अजून वेळ आहे." मग धुतलेल्या हिरव्या बिया लोखंडी तव्यावर टाकल्या आणि हलवत बसली. हात थांबत नाही तिचा, आणि घाईही करत नाही. बिया पिवळ्या झाल्या, वरचं फोल सुटून उडायला लागलं, घरभर आधी ओल्या गवताचा वास, मग भाजलेल्या सातूचा. त्या वासानं शेजारची झहरा आली, बगलेत गरम पाव घेऊन. मागून बाकीच्या. सगळ्या तुझ्यासाठी रडल्या, अगदी मयताला रडावं तशा. मलाही आवरेना. तर आदे काय म्हणाली माहीत आहे?

"रडायचं असेल तर जरा बाजूला सरक. कोळशावर पाणी पडतंय."

मग तवा उचलून एकेकीच्या नाकाशी नेला. प्रत्येकीनं हातानं धूर ओढून घेतला. तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा तिनं स्वतःच केली, मला कॉफी उकळायच्या सुरईला हात लावू दिला नाही.

काल वॉर्डाच्या कचेरीतला माणूस आला होता. ही म्हातारी कोण, म्हणाला. मी म्हटलं, माझी आई. माझ्या आईला जाऊन किती वर्षं झाली ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. कुणी तोंड उघडलं नाही. तो गेल्यावर आदे म्हणाली, "आई म्हणालीस म्हणून तुझी कॉफी पिईन असं समजू नकोस."

तुम्हाला बुरेच्या रस्त्यानं नेलं असं बसचा ड्रायव्हर सांगत होता. म्हणजे असाब बंदर तिथून जवळच. तुला तिथं ओळखीचे खूप आहेत, जेवणाची आबाळ होणार नाही. कळव.

अस्काले


देस्से, ६ मे २००१

बेरहे,

आई का आली नाही ते तू विचारणारच. तिब्लेत्सनं काही सांगितलं असेल तर विसर. मी समोर होते, मी सांगते.

आईला पाठव असं तुझं पत्र आल्यावर मीच, माणसं सरहद्दीपार पोचवणाऱ्या रेड क्रॉसच्या लोकांकडे तिचं नाव दिलं. आदे नको म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. आदल्या दिवशी गाठोडं बांधून दाराशी ठेवलं, डोक्याला तेल लावून घेतलं. मला वाटलं, चालली. खरं सांगते, मला आतून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

सकाळी बस चर्चच्या मैदानात उभी राहिली. आदेला चालवत नाही म्हणून दोघं घरी न्यायला आले. एक उंच, उन्हानं लाल झालेला परदेशी, आणि एक आपल्याकडचा दुभाष्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला. आदे म्हणाली, "बसा. कॉफी घेऊन निघू."

दुभाष्या म्हणाला, "आदे, बस थांबलीय."

"थांबू दे की. तिला कुठं भूक लागलीय?"

बसले बिचारे. मग तिनं बिया काढल्या आणि निवडायला लागली. एकेक बी उचलून उजेडात धरायची. ही बारकी, ही फुटकी, हिला किडा लागलाय. मग धुतल्या. एकदा, पुन्हा एकदा. कोळशावर राख चढायची वाट पाहिली, आणि राख जास्तच झाली म्हणून थोडी झटकली, आणि पुन्हा चढायची वाट पाहिली. बेरहे, एवढ्या मंद आचेवर मी जन्मात कॉफी भाजलेली पाहिली नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरलं तरी बिया अजून पिवळ्याच. परदेशी माणूस घड्याळ बघायचा, मग तव्याकडे. पहिली बी चटकली तेव्हा तो लहान मुलासारखा हसला. त्यानंतर घड्याळ बघायचं विसरला.

हॉर्न वाजवून वाजवून कंटाळलेला बसचा ड्रायव्हर स्वतःच आला. आपल्याच वोल्लो भागातला होता. दारातून ओरडला, "बसमध्ये लेकरं रडताहेत, चला!" आदेनं काही न बोलता तवा त्याच्या नाकाशी नेला. तोही टेकला.

पहिला कप झाला. दुसरा झाला. दुभाष्या उठायला लागला तर ड्रायव्हरच म्हणाला, "अरे, दोन घेऊन उठतात का? आशीर्वाद तिसऱ्यात असतो. माझ्या आईला कळलं तर मला घरात घ्यायची नाही."

पण तिसऱ्याचं पाणी आदेनं गार घातलं होतं. सुरई काही केल्या उकळेना. शेवटी त्यांची वरिष्ठ बाई आली, तिनं हात जोडले, म्हणाली, तिकडे नदीवर पलीकडचे लोक ठरल्या वेळी येऊन थांबतात, आता निघालंच पाहिजे. आदे म्हणाली, "मी आलेच असते हो. पण बघा ना, अजून उकळतोय."

बस गेली. परदेशी माणसानं जाताना वाकून तिचा हात डोळ्याला लावला. हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "आदे, तो तुमचा एकुलता एक मुलगा आहे!" ती म्हणाली, "मुलगा मोठा झालाय. त्याचं तो बघेल." आणि तिसरा कप एकटीच प्यायली. मी पोत्यासारखी उभी.

नंतर मी गाठोडं आत घ्यायला गेले. हलकं लागलं. सोडून पाहिलं तर आत नुसती उशी.

तिला तुझी आठवण येत नाही असं नाही. रोज सकाळी ट्रक अड्ड्याकडून इंजिनाचा आवाज आला की हात थांबतो तिचा. मग पुन्हा चालू.

तुझ्या पाकिटावर नेहमी तुझ्या मामाचा अस्माराचा पत्ता असतो. पण आत बारीक रेती निघते. अस्मारा तर आपल्यासारखंच डोंगरातलं थंड गाव ना? हिरुतनं ती रेती डबीत भरून ठेवलीय.

अस्काले


देस्से, १२ फेब्रुवारी २००४

बेरहे,

आदे सांगते तसं लिहिते: तब्येत उत्तम आहे. डोळे ठणठणीत आहेत. गुडघे बरे आहेत. तू लोकरीचा बनियन घालत जा. देव तुझं भलं करो.

आता ती झहराचा हात धरून चर्चला गेलीय. झहरा तिला फाटकापर्यंत सोडते, स्वतः बाहेर जपमाळ ओढत बसते, आणि परत आणते. तेवढ्यात माझं लिहून घेते. आदेला उजेड आणि अंधार एवढंच कळतं आता. मोतीबिंदू नाही, आतली नस वाळलीय म्हणाले. काही होणार नाही. तुला कळवायचं नाही अशी तिची ताकीद आहे.

तरी कॉफी तीच भाजते. मी ट्रक अड्ड्यावर गवत पसरून, चार स्टुलं टाकून कप विकते ना, तिथं तिला शेगडीपाशी बसवते. समोरच्या दुकानदारानं आता भाजायचं यंत्र आणलंय, पोतं आत टाकलं की तुम्ही शिंकेपर्यंत काळं होऊन बाहेर पडतं. पाकिटातली तयार पूड पण ठेवतो. घाईतले ड्रायव्हर तिकडे जातात. आदे म्हणते, "जाऊ दे. काळी झाली म्हणजे भाजली असं नाही, काळी झाली म्हणजे मेली." ती कान तव्याकडे करून बसते. पहिल्या चटचटीपर्यंत बोलायला हरकत नाही, नंतर मात्र सगळ्यांनी गप्प. चटचट विरळ व्हायला लागली आणि धुराचा वास गोडावरून जरासा तिखट झाला की म्हणते, "काढ." मी बघते तर बिया खारकेच्या रंगावर, अंगावर नुकतं तेल सुटलेलं. एकदाही चुकत नाही. ज्यांना बसायला वेळ आहे असे लोक येतात. पुष्कळ येतात.

हल्ली मला हात धरून शिकवते. "मनगट सैल सोड गं, देस्सेवाली. काय तलवार फिरवतेस?" मी शिकतेय. पण मी केलेली अजूनही पीत नाही. झहरा एकदा चिडून आदेला नावानंच हाक मारून म्हणाली, "लेतेब्रहान, म्हातारे, सून करते तेवढं पुरे नाही का तुला?" तर म्हणते, "मला पित्त होतं."

हिरुत विचारते, बाबा उंच होते का. मी दाराच्या चौकटीवर दाखवलं.

अस्काले


देस्से, ३० नोव्हेंबर २००७

असाबला राहणाऱ्या बेरहेस,

बघ, मी पत्ता बरोबर लिहिला ना?

तिब्लेत्सलाही माहीत होतं. काल तिला झहराच्या मुलाच्या फोनवरून विचारलं, तर रडायला लागली. तू अस्मारात कधी राहिलाच नाहीस. तुझी पत्रं मामाकडे जायची आणि तिथून निघायची. एवढी यातायात कशाला केलीस रे? मी काय येणार होते तिथं?

आदेनंच सांगितलं. गेल्या आठवड्यात, अड्ड्यावर नाही, घरी, आम्ही दोघीच होतो. बिया पिवळ्या झालेल्या. ती हलवत होती. आणि काही विचारलं नसताना म्हणाली,

"तुझी कॉफी मी का घेत नाही, तुला माहीत आहे?"

मी म्हटलं, "करपते म्हणून."

"करपायची तेव्हा करपायची. आता नाही करपत."

मग म्हणाली, की देस्सेला आल्यावर पहिल्याच वर्षी तू तिला ट्रकमधून असाबला नेलंस, समुद्राच्या उबेनं गुडघे मोकळे होतील म्हणून. आणि एका घरासमोर ट्रक थांबवलास. दारात एक बाई होती, पोटुशी. आदेला सगळं कळलं. तरी ती आत गेली, कारण बाईनं शेगडी पेटवून ठेवली होती. "चांगली होती गं पोर," आदे म्हणाली. "तिनं भाजली, तिनं केली, मी प्यायले. तीनही कप प्यायले. तिच्या पोटावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मग घरी आले तर तू सुरई घेऊन पुढ्यात उभी. कोणत्या तोंडानं प्यायची होती मी तुझी? पहिला घेतला असता तर तिसऱ्यापर्यंत जावं लागलं असतं. तुझ्या घरात बसून, तुझ्याशी असं वागून, तुझा आशीर्वाद घ्यायचा?"

तिचा हात थांबला होता. तवा तसाच शेगडीवर. बिया तपकिरी झाल्या, काळ्या झाल्या, धूर भरला, दोघींचे डोळे चुरचुरायला लागले, तरी मी तवा उचलला नाही. तिनंही उचलला नाही. झहरा भिंतीपलीकडून ओरडली, "अस्काले! जिवंत आहात ना गं?"

बस सोडली ती त्याचमुळे. म्हणाली, "तिकडे एक आहे त्याला सांभाळायला. इकडे तुला कोण होतं?"

मला तिची दया यायला हवी होती. नाही आली. मी तिला म्हटलं, "एवढी वर्षं माझ्या पानात जेवलात, तेव्हा नाही घास अडकला?" आंधळ्या म्हातारीला मी असं बोलले. तिनं मान खाली घातली. तेव्हापासून या घरात कॉफी झालेली नाही. वासच नाही म्हटल्यावर शेजारणी पण येत नाहीत, त्यांना वाटतं कुणी आजारी आहे.

मुलगा झाला की मुलगी, ते आदेला माहीत नाही. मला जाणून घ्यायचं नाही.

उत्तर लिहू नकोस.


देस्से, २६ जानेवारी २००९

बेरहे,

तुझी आई गेली. तिम्कतच्या सणानंतर चौथ्या दिवशी, सकाळी. कळवायला हवं म्हणून लिहिते.

छातीत कफ साठला होता. शेवटचे काही दिवस पाणीही चमच्यानं. मला ओळखत होती. हिरुतला मधूनच दुसऱ्याच नावानं हाक मारायची, स्वतःच्या लहान बहिणीच्या.

घरात कॉफी पुन्हा कधी सुरू झाली ते तुला सांगायला हवं. ते वर्ष आम्ही कसं काढलं ते सांगत नाही. मी तिला वेळेवर जेवायला वाढत होते, अंघोळ घालत होते, आणि बोलत नव्हते. अड्ड्यावरही नेत नव्हते. ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि तिचं मनगट आपोआप हलत असायचं, हातात काही नसताना. एक दिवस मला ते बघवेना. राग गेला म्हणून नव्हे. राग होताच. पण मी उठले आणि शेगडी पेटवली.

राख चढू दिली. बिया टाकल्या. ती एकदम ताठ बसली. मला वाटत होतं आता म्हणेल, मनगट सैल सोड. आता म्हणेल, काढ. काही नाही. सगळं माझं मी ठरवलं. खलात कुटली, सुरईत टाकली, आलं घातलं. सताप नाही घातली. कप तिच्या हातात दिला. म्हटलं, "घ्यायची तर घ्या, नाहीतर ओतून टाका."

तिनं कप नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग प्यायली. दुसरा प्यायली. तिसऱ्याच्या वेळी मला कप धरावा लागला. ती रडत होती, आणि मी म्हटलं, "आदे, कपात पाणी पडतंय." तेव्हा हसली. मग मीही.

त्यानंतर रोज प्यायली. आणि रोज खोडी काढली. एकदा पातळ, एकदा कडू. शेवटच्या आठवड्यात गिळता येत नव्हतं, तर मी तवा नुसता तिच्या नाकाशी न्यायची.

पुरताना तुझ्या नावानं हिरुतनं मूठभर माती टाकली. तिला मी तुझ्याबद्दल सगळं सांगितलं आहे. ती तुला लिहिणार नाही म्हणते. मी जबरदस्ती केली नाही.

तू तिचा मुलगा होतास, बेरहे. मला तुझ्यावर चिडायचं आहे, पण आज तेवढी ताकद नाही. तिथं कुणाजवळ तरी बसून रड.

अस्काले


देस्से, २ ऑगस्ट २०१८

बेरहे,

फोन मी कापला, लाइन नाही गेली. पुन्हा पुन्हा लावू नकोस. समेट होऊन दोन्ही देशांमधले फोन सुरू झाल्यापासून गल्लीत नुसता गोंधळ आहे, लोक अनोळखी नंबर फिरवून "तिकडचं कुणीही बोला" म्हणताहेत आणि रडताहेत. मलाही वाटलं होतं मी रडेन. तू "अस्काले" म्हणालास आणि मला तो आवाज कुणाचा ते कळेना. म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. मी जपून ठेवलेला तो हा नव्हता. तू बोलत राहिलास तरी ओळख पटेना, म्हणून ठेवला फोन.

तू येतो म्हणालास. कशाला येतोस? आईच्या कबरीवर यायचं असेल तर ये, ती चर्चच्या मागे, निलगिरीच्या रांगेत आहे, कुणीही दाखवेल. माझ्याकडे यायचं असेल तर येऊ नकोस. मला आता राग राहिलेला नाही, आणि राग नसल्यावर तुझ्याशी काय बोलायचं ते मला सुचत नाही. अड्ड्यावर माझी जागा आहे, गिऱ्हाईक आहे, झहरा आहे. हिरुत अदिसला दवाखान्यात नर्स आहे, सणाला येते. एवढं मला पुरतं.

मुलगी झाली होती, ते तू आता फोनवर सांगितलंस. मी विचारलं नव्हतं.

अस्काले


देस्से, १४ ऑक्टोबर २०१८

मेहरेतबाई,

तुम्ही मला ओळखता. मला तुमचं नाव परवा कळलं. तुमची मुलगी सेम्हार माझ्याकडे पोचली आहे. सुखरूप आहे. हे आधी लिहिते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल.

बुरेची वाट उघडल्यावर ती इतर पोरांबरोबर ट्रकमधून निघाली. तिकडची सक्तीची फौजी नोकरी संपता संपत नाही म्हणाली, मी जास्त विचारलं नाही. बेरहेनं तिला सांगितलं होतं, देस्सेत जुन्या ट्रक अड्ड्यावर कॉफीवाली अस्काले विचार. मला विचारलं नाही त्यानं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे तुम्हाला खरं सांगते.

मी तवा हलवत होते. ती समोर येऊन उभी राहिली, पाठीवर पिशवी, ओठ फुटलेले. नाव सांगितलं आणि म्हणाली, "मी परत जाऊ का?" मी म्हटलं, "तव्यावर बिया आहेत, आता मला बोलता येत नाही. बस." ती बसली. मला तेवढा वेळ हवा होता. त्या दिवशी मी फार सावकाश भाजली.

बिया झाल्यावर तवा तिच्या नाकाशी नेला. तिनं डोळे मिटून धूर घेतला. मग म्हणाली, "किती वेळ लागतो तुम्हाला! आमच्या आईची पटकन होते." मी बिया कुटायला घेतल्या. झहराला मात्र हसू आवरेना. तिनं पावाचा अर्धा तुकडा पोरीच्या हातात कोंबला.

दुसऱ्या कपानंतर ती उठायला लागली, म्हणाली, मी धर्मशाळेत जागा बघते. मी तिची पिशवी माझ्या स्टुलामागे ठेवून दिली.

आता आदेच्या पलंगावर झोपते. भूक चांगली आहे, इथली इंजेरा भाकरी मात्र आंबट लागते म्हणते. हिरुत अजून तिला भेटायला आलेली नाही. फोनवर म्हणाली, "आई, तू काय अनाथाश्रम काढलास का?" आणि दुसऱ्या दिवशी बसनं एक स्वेटर पाठवला. मापाला मोठा आहे. सेम्हारनं तो अंगातून काढलेला नाही. मी दोघींना काही सांगत नाही. त्यांचं त्यांना ठरवू दे.

ती पुढे अदिसला जायचं म्हणते, मग आणखी पुढे कुठंतरी. जाईल तेव्हा जाईल. तोपर्यंत इथं आहे.

तुमच्याबद्दल मी पुष्कळ वर्षं वाईट विचार केला. आदे म्हणायची, तुम्ही चांगल्या आहात. मला ते ऐकायचं नव्हतं. ते सगळं एका पत्रात मावणार नाही, आणि आज मी त्यासाठी लिहीत नाही.

तिला इथली थंडी सोसत नाही, खोकला धरलाय. सुंठ दिली, मध दिला, निलगिरीच्या पाल्याची वाफ दिली, काही लागू पडत नाही. तिला विचारलं, लहानपणी खोकला झाला की घरी काय करायचे. म्हणाली, आई काहीतरी उकळून द्यायची, काय ते मला माहीत नाही.

तुम्ही काय द्यायचात ते कळवा. लवकर कळवा.

अस्काले